सुपडूनाना आणि सर्व्हरची वही

नाना, तुमच्या गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, पत्रिका मीच जुळवली. नाव, गाव, वय, मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळं तुमच्या धाकट्याने कागदावर लिहून दिलं होतं आणि मी ते स्क्रीनवर बसवलं. मग प्रूफ काढलं आणि सवयीने म्हणाले, "नाना, धरता का?" खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी टायपिंगच्या चंद्रकलाबाईंनी मूळ कागद हातात धरला आणि मी प्रूफ मोठ्याने वाचलं. एक चूक निघाली. तालुका पारोळाऐवजी जिल्हा पारोळा पडलं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, राहू दे, माझ्या निमित्ताने पारोळ्याला बढती मिळतेय.

तर ती सगळी माहिती त्या पत्रिकेत आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. तुम्ही मंगळवारी गेलात आणि गुरुवारी ते भांडण मिटलं. कोण जिंकलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी शिंदखेड्याहून जळगावला आपल्या प्रेसमध्ये आले तेव्हा कॉम्प्युटरची पदविका आणि डोक्यात हवा, दोन्ही घेऊन आले होते. तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर प्रुफं तपासत बसायचात. तीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले आणि भाऊंनी, म्हणजे आपल्या मालकांनी, तुम्हाला प्रुफांसाठी ठेवून घेतलं. मला तेव्हा वाटलं होतं की दयेपोटी ठेवलेला एक जुना माणूस आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आता तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघू शकत नाही.

प्रेसमध्ये सहा कॉम्प्युटर होते आणि फाइली फ्लॉपीवरून इकडून तिकडे फिरायच्या. एकाच पत्रिकेच्या चार मशीनवर चार प्रती, आणि शेवटची दुरुस्ती कुठल्या प्रतीत झाली ते कोणालाच ठाऊक नाही. एका मासिकाबरोबर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची फुकट सीडी आली होती. ती मी एका जुन्या मशीनवर चढवली आणि सगळ्यांना एकाच जागेवरच्या फाइली दिसतील अशी सोय केली. त्या मशीनला आपण सर्व्हर म्हणायला लागलो. कोणाला कुठला फोल्डर दिसेल, कोण त्यात लिहू शकेल, कोण नुसतं वाचू शकेल, हे सगळं एका सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहावं लागायचं. त्यात माझे पंधरा दिवस गेले होते. ज्या दिवशी सहाही मशीनवर एकच फाइल दिसली त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली. सगळे खात होते, माझं कौतुक करत होते. तुम्ही कचोरी बाजूला ठेवलीत आणि आपल्या अहिराणीत मला विचारलंत,

"लिखेल शे का?"

"काय लिहिलेलं?"

"हाई बठ्ठं. कसं लावं ते."

"फाइलमध्येच आहे ना, नाना."

"फाइल मशीनमा शे. मशीन बंद पडनं त?"

"मग माझ्या डोक्यात आहे."

"आनि तू उद्या नही उनी त?"

मला इतका राग आला होता. पंधरा दिवस राबून एक गोष्ट उभी केली आणि पहिला प्रश्न काय, तर मी मेले तर काय. मी तोंड फिरवून कचोरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक लांब वही होती, शाळेतल्या हजेरीपटासारखी. पानापानावर तुम्ही पट्टीने उभी रेघ मारून दोन रकाने पाडले होते. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं "काय" आणि उजव्यावर "का".

डावा रकाना मी भरायचा असं ठरलं. फाइलमधली प्रत्येक ओळ, जशीच्या तशी. आणि मग तुम्ही तुमची प्रेसमधली पद्धत लावलीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ धरायचं. जुळवलेलं पान जुळवणाऱ्याने एकट्याने तपासायचं नाही, कारण त्याला जे लिहायचं होतं तेच त्याला दिसतं. मी स्क्रीनवरून वाचायची, तुम्ही वहीवर बोट धरायचात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं तुम्ही तीस वर्षं हातात धरली होती. "कॅप डब्ल्यू का लोअर?" असं तुम्ही मला थांबवून विचारायचात. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मला मोठ्याने "स्पेस" म्हणून वाचायला लावायचात. मी सांगितलं, नाना, इथे एक स्पेस काय आणि दोन काय, मशीनला फरक पडत नाही. तुम्ही म्हणालात, मला पडतो.

तुम्ही आणखी एक नियम घातलात, ज्याच्यावरून मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. बदल आधी वहीत लिहायचा, मग मशीनमध्ये करायचा. मला हे उलटं वाटायचं. आधी करून बघू, चाललं तर लिहू. तुम्ही म्हणालात की चाललं की माणूस लिहीत नाही, जेवायला जातो. हे इतकं खरं होतं की मला आणखी राग आला.

पण आपलं खरं भांडण उजव्या रकान्याचं होतं.

माझं म्हणणं साधं होतं. सर्व्हर उभा करायला काय लिहायचं ते कळलं की झालं. प्रत्येक ओळीपुढे ती का लिहिली याचं पुराण कशाला? तुम्ही तर पुराणच लिहायचात. "अंतिम" नावाच्या फोल्डरमध्ये छपाईला जाणाऱ्या फाइली ठेवायच्या आणि तिथे तुमच्याशिवाय कोणी लिहायचं नाही, अशी एक ओळ होती. तिच्यापुढे तुम्ही आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंत: "का: कोणीतरी पारोळ्याची तयार पत्रिका उघडून त्यातच सोनगीरची केली आणि त्याच नावाने ठेवली. पारोळ्याच्या नवरदेवाला सोनगीरची नवरी मिळाली. दोन्ही मंडळी एकाच दिवशी प्रेसवर आली. मी मागच्या दाराने गेलो." मी म्हणाले, नाना, हे सेटिंगचं कागदपत्र आहे, आठवणींची वही नाही. तुम्ही शांतपणे शाई सुकायची वाट बघत बसलात.

मग तुम्ही मला खिळ्यांच्या जमान्यातली एक गोष्ट सांगितलीत. जुळवलेल्या ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या. त्या अक्षरांहून बुटक्या, शाई त्यांना लागत नाही, छापात त्या दिसत नाहीत. नव्या माणसाला वाटतं, या काढल्या तर काय बिघडलं? काढल्या की पान उचलताना सगळे खिळे हातातून खाली.

"मशीनले काय करानं ते कळस, पोरी," तुम्ही म्हणालात. "का करानं ते कळत नही."

"मशीनला कळायची गरजच नाही."

"मानूसले शे ना."

त्या दिवशी मी एक वाक्य बोलून गेले. तीन वर्षं झाली, अजून ते मला टोचतं. मी म्हणाले, "नाना, तुमचा रकाना कोणी वाचत नाही. मी पण वाचत नाही."

आणि ते खरं होतं. वाचून ताडून बघायचो तो फक्त डावा रकाना. उजवा तुम्ही एकटे भरायचात आणि मी पान उलटायची. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, वही बंद केलीत आणि एवढंच म्हणालात, "आज नही वाचतस. कोनीतरी वाची."

मग तो मे महिना आला. जळगावचा मे तुम्हाला मी काय सांगावा. लग्नसराई जोरात, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत आटायचं, आणि मी कावीळ होऊन शिंदखेड्याला घरी पडले होते. आई उसाचा रस पाजत होती. इकडे उकाड्याने सर्व्हरची डिस्क गेली. फाइली रोज फ्लॉपीवर काढून ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या, पण सर्व्हर गेला, सेटिंगची फाइल गेली, तिच्यात मी मोठ्या हुशारीने लिहून ठेवलेल्या टिपाही गेल्या. राहिली ती तुमची वही.

नंतर चंद्रकलाबाईंनी मला त्या दिवसाची साग्रसंगीत हकीगत सांगितली. डिस्कवाल्याने नवी डिस्क बसवून त्यावर सीडी चढवून दिली होती, पण पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं आणि भाऊ डोक्याला हात लावून बसले होते. तुम्ही वही काढलीत, चंद्रकलाबाईंना कीबोर्डवर बसवलंत आणि एकेक अक्षर वाचायला लागलात. कॅप, लोअर, स्पेस, बरोबरचं चिन्ह. दोघांनाही त्यातल्या एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. बाजूला मशीनमन उभे, बाहेर पत्रिकेची माणसं उभी, आणि तुम्ही आरती म्हणावी तसे ठणठणीत आवाजात सर्व्हर वाचताय. दुपारी सगळं टाइप करून झालं. आणि काहीच झालं नाही. एकाही मशीनवर एकही फोल्डर दिसेना.

तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन शिंदखेड्याच्या एसटीडी बूथवर फोन लावलात. बूथवाल्याने घरी निरोप पाठवला, मी पिवळ्या डोळ्यांनी चालत गेले आणि तासाभराने फोनवर आले.

"सगळं लिहिलं आहे ना, नाना? मग आता ती सेवा एकदा बंद करून सुरू करा. त्याशिवाय ती नवी फाइल वाचत नाही."

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग विचारलंत, "हाई लिखेल शे का?"

नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं.

पाच मिनिटांत सर्व्हर लागला. प्रेसमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. भाऊंनी तुम्हाला मिठी मारली. मी बरी होऊन परतले तेव्हा सगळे तुमचं कौतुक सांगत होते, तुम्ही मात्र आपल्या टेबलावर मान खाली घालून बसला होतात. मी म्हणाले, नाना, जिंकलो की आपण. माझ्यावाचून सर्व्हर उभा केलात तुम्ही!

"फोन कया ना?" तुम्ही म्हणालात. "फोन कया म्हंजे वही अधुरी शे."

त्या दिवशी आपली कसोटी ठरली. तुम्ही मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तशी ती मला बोटांवर मोजून सांगितलीत. मला जमून उपयोग नाही, तुम्हाला जमून उपयोग नाही. ज्याने आपल्या दोघांना कधी पाहिलं नाही अशा तिसऱ्या माणसाने ही वही उघडावी, कोणाला काही न विचारता सर्व्हर उभा करावा, तेव्हा वही पुरी झाली. मी हसले. असा तिसरा माणूस आणायचा कुठून?

तो भाऊंनी आणला. त्यांनी धुळ्याला शाखा काढायचं ठरवलं. तिथे चार मशीन, एक सर्व्हर, आणि कल्पना नावाची एक नवी मुलगी. तिने टायपिंग आणि थोडं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं, सर्व्हर आयुष्यात पाहिला नव्हता. भाऊंनी आपल्या दोघांना समोर उभं करून सांगितलं, "हे बघा, दर वेळी काही अडलं की सुजाताला एसटीत बसवून धुळ्याला धाडायचं, हे मला परवडणारं नाही. तुमच्या त्या वहीवरून तिथली पोरगी स्वतः लावत असेल तर ठीक. नाही तर नाशिकचा एक इंजिनिअर आहे, जळगाव-धुळे दोन्ही त्याच्याकडे देतो. तो त्याच्या पद्धतीने करेल."

त्याच्या पद्धतीने म्हणजे वही रद्दीत आणि मी परत टायपिंगला. भाऊंनी हे रागाने म्हटलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. तुम्ही मात्र बाहेर आल्यावर हात चोळलेत. तुमच्या डोळ्यांत चमक होती. "सापडना तिसरा मानूस," तुम्ही म्हणालात. सापडला एकदाचा.

वही तशीच्या तशी देता येत नव्हती. मधल्या काळात त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. काही ओळींची नावं बदलली, काही उडाल्या, काही नव्या आल्या. असं कागदपत्र एकदा लिहून संपत नाही, हे मला त्या काळात कळलं. मशीन पुढे जातं आणि वही मागे राहिली की ती माणसाला खड्ड्यात घालते. आपण पान पान धरून परत वाचायला बसलो. तुम्ही जुन्या ओळीवर लाल काट मारायचात, पण खोडायचा नाहीत. जुनं काय होतं तेही दिसलं पाहिजे म्हणायचात. छत्तीस पानं झाली. शेवटची चार राहिली आणि तुमचा दमा उसळला.

दवाखान्यात मी ती चार पानं घेऊन आले होते. डावा रकाना मी प्रेसमध्ये स्क्रीनवरून एकटीने उतरवून काढला होता. वाचायचा तुमचा हट्ट होता, पण दोन शब्द बोललात की तुम्हाला धाप लागायची, आणि ताडून बघायला तिथे स्क्रीनही नव्हती. मी म्हणाले, "राहू द्या नाना, डावं मी नीट बघितलंय. उजवं रिकामं राहिलं तरी चालेल." तुम्ही मान हलवलीत. पाठीमागे उशी लावून घेतलीत, पेन्सिल मागितलीत, आणि एवढ्याशा अक्षरात आपला रकाना भरायला लागलात. दोन दुपारी गेल्या त्यात. मी बाजूला बसून मोसंबी सोलत होते आणि मनात म्हणत होते, काय हा हट्ट, श्वास पुरत नाही आणि माणूस पुराण लिहितोय. भरून झाल्यावर पानं माझ्या हातात दिलीत. मी ती तशीच नेली, झेरॉक्स काढली, सगळी चाळीस पानं शिवून धुळ्याला पार्सल केली. तुमचा रकाना मी तेव्हाही वाचला नाही.

मंगळवारी तुम्ही गेलात. बुधवारी आम्ही सगळे तुमच्या घरी होतो. गुरुवारी सकाळी धुळ्याला सर्व्हर लावायचा होता. भाऊ म्हणाले, "सुजाता, आता हट्ट पुरे. नाना होते तोवर ठीक होतं. तू सकाळच्या गाडीने जा आणि लावून ये, दोन तासांचं तर काम आहे."

काम खरंच दोन तासांचं होतं. मी गेले असते तर दुपारी सर्व्हर लागला असता, भाऊ खूश झाले असते, नाशिकच्या माणसाचा विषय निदान सहा महिने पुढे गेला असता. आणि आपली वही कायमची अधुरी राहिली असती. मी म्हणाले, "भाऊ, मी जाणार नाही." त्यांना वाटलं मी तुमच्या दुःखात बोलतेय. मी म्हणाले, "तिने फोन करून विचारलं तर मी सांगणार पण नाही. तिने विचारलं म्हणजे आम्ही हरलो, मग तुम्ही खुशाल नाशिकला फोन करा." असं मी मालकांना म्हणाले, नाना. 

गुरुवारी नऊ वाजल्यापासून मी फोनसमोर बसले. त्या फोनची मला इतकी धास्ती कधी वाटली नव्हती. वाजला तर समजायचं की काहीतरी लिहायचं राहिलं. अकरा वाजले, बारा वाजले. भाऊ दोनदा येऊन बघून गेले. पावणेएकला फोन वाजला. धुळ्याचा होता. माझा हात उचलेना. शेवटी चंद्रकलाबाईंनी उचलून माझ्या कानाला लावला.

"ताई, मी कल्पना," पलीकडून आवाज आला. "विचारायचं काही नाही, सांगायचं आहे. लागला."

"काय लागला?"

"अहो सर्व्हर! चारही मशीनवर दिसतंय."

नाना, मी ओरडले. मशीनमनने मशीन थांबवलं इतकी ओरडले. "लागला! धुळ्याचा लागला! वहीवरून लागला!" भाऊ केबिनमधून धावत आले, काय झालं ते कळल्यावर त्यांनी हसत माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथूनच नाशिकला फोन करायला सांगितलं, येऊ नका म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते. मी रडत होते आणि नाचतही होते. तुमच्या टेबलावर मी चक्क हात आपटला. पोळीभाजी केंद्राचा माणूस डबे द्यायला आला होता, तो घाबरून दारातच उभा राहिला. आपण जिंकलो होतो, नाना, फोन न करता जिंकलो होतो, आणि हे ऐकायला तुम्ही दोन दिवस थांबला नाहीत याचा मला तुमच्यावर भयंकर राग आला.

कल्पना अजून फोनवरच होती. "ताई, एक चूक होती तुमच्या वहीत. मी दुरुस्त करून लावलं. एकोणचाळिसाव्या पानावर."

मी डोळे पुसले. एकोणचाळीस म्हणजे त्या चार पानांतलं.

ती ओळ अशी होती: कोणी काही न करता बसलं तर किती मिनिटांनी सर्व्हरने त्याचं कनेक्शन तोडायचं. मी लिहिलं होतं, पाच. एकदा कनेक्शन तुटलं की आपली जुनी मशीन बंद करून पुन्हा सुरू करावी लागतात आणि त्यात हातातलं काम जातं.

"पाच चूक आहे हे तुला कसं कळलं?" मी विचारलं. मला खरंच कळेना. सर्व्हर पाचवरही चालला असता. मशीनने काही तक्रार केली नसती.

"शेजारी लिहिलंय ना का ते. वाचू?" आणि तिने वाचलं. आपल्या दोघांना कधी न पाहिलेल्या त्या मुलीच्या तोंडून मी तुमचा रकाना पहिल्यांदा ऐकला. "का: चंद्रकला दुपारी घरी जाते. तिचे यजमान अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना भरवावं लागतं. जाऊन येऊन पाऊण तास होतो. परत आल्यावर तिने मशीनशी झगडू नये. तिला यावरून काही विचारू नये."

कल्पना म्हणाली, "आता बाईला पाऊण तास लागतो आणि पाच मिनिटांत तोडायचं, हे जमत नाही ना. म्हणजे पाच नाही, पन्नास असणार. मी पन्नास टाकलं. आणि ताई, मी पण दुपारी बाळाला पाजायला घरी जाते. बरं झालं त्यांनी लिहिलं ते."

मी जाऊन आपला सर्व्हर बघितला. पन्नासच होतं. उतरवताना माझं शून्य गळलं होतं.

चंद्रकलाबाई माझ्या बाजूलाच उभ्या होत्या, रिसिव्हर त्यांनीच तर दिला होता. नाना, चार महिन्यांपूर्वी मी भाऊंकडे तक्रार केली होती की चंद्रकलाबाई जेवायला फार वेळ लावतात. तुम्ही ते ऐकलं होतं. मला एका शब्दाने बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालात, ती वेळ जरा वाढव, पन्नास कर, आणि मी का हे न विचारता केलं, कारण मला का मध्ये रसच नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि तुम्ही लिहिलं होतं तसं त्यांना काही विचारलं नाही. नुसता त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "चला, मला जायचंय घरी, उशीर झाला."

तर असं आहे. मी हरले, नाना. साफ हरले. माझा रकाना चुकला आणि तुमच्या रकान्याने तो सावरला. त्या मुलीला माझ्या आकड्यापेक्षा तुमचं कारण खरं वाटलं, आणि तिने बरोबर केलं. तीन वर्षं मी तुमच्याशी भांडले त्याचा निकाल धुळ्याच्या एका अनोळखी बाईने अर्ध्या मिनिटात लावला. हरण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तुमच्यासमोर कबूल करायला मिळालं असतं तर तुम्ही काही बोलला नसतात, टोपण लावलं असतंत आणि वही बंद केली असती. मला ती तुमची गप्प बसायची सवय किती आवडायची हेही सांगायचं राहिलं.

काल दुपारी मी मूळ वही काढली. तुमचा उजवा रकाना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, सगळा, चाळीसही पानं. वाचता वाचता दोनदा हसले आणि किती वेळा रडले ते सांगत नाही. मग एकोणचाळिसावं पान उघडलं. पाचवर लाल काट मारली, खोडलं नाही, पुढे पन्नास लिहिलं. कल्पनाला फोन लावून तिने तिची प्रत धरली, मी माझी वाचली. बरोबर जुळलं. खाली दुरुस्तीची नोंद केली, आणि तुमच्या रकान्यात, पेन हातात घेऊन बराच वेळ बसून, मी पहिल्यांदा माझ्या अक्षरात लिहिलं:

"का: हे पान वाचताना समोर नाना नव्हते."